घराचं कर्ज घेताय? आधी कागद बघा, मग पावसाळ्याचा हिशेब करा



जाळं, होडी, बीज यांसाठीचं कर्ज आपल्याला नवीन नाही. घराचं कर्ज मात्र वेगळं आहे. ते 15-20 वर्षं चालतं आणि त्यात तारण असतं ते आपलं राहतं घरच. देपालपूर, बेटमा, गौतमपुरा किंवा इंदूरकडे घर घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी ही माहिती देत आहोत. बयाणा देण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून वाचा.

तारण म्हणजे नेमकं काय?
घर तुमच्या नावावर होतं आणि राहताही तुम्हीच. पण मूळ रजिस्ट्री बँकेकडे जमा राहते. कर्ज फिटेपर्यंत बँकेला विचारल्याशिवाय ते घर विकता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई ग्राहकाला मिळते.

कोणता कागद चालतो?
आपल्याकडे बरेच व्यवहार नोटरीवर होतात. प्लॉट स्वस्त पडतो, पण नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे. नुसता विक्रीचा करार किंवा मुखत्यारपत्र यावरून घर आपलं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. रजिस्ट्री लागतेच. त्यामुळे या गोष्टी तपासा:

– विकणाऱ्याच्या नावावर रजिस्ट्री आहे का, आणि नामांतरण झालं आहे का.
– शेतजमिनीवर प्लॉट पाडले असतील, तर डायव्हर्जन आणि कॉलनीची परवानगी आहे का. खसरा आणि बी-1 ची ताजी नक्कल काढा.
– सरकारी पट्ट्याचं घर असेल, तर पट्ट्यावरच्या अटी वाचा. विक्रीला बंदी असलेला पट्टा विकत घेतला, तर पैसे अडकतात.
– त्या घरावर आधीचं कर्ज आहे का.

गावच्या आबादीतल्या घरांना पूर्वी कागदच नसायचा. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा घरांना मालमत्तेचं कार्ड देतात. 6 ऑक्टोबर 2021 ला आपल्या मध्य प्रदेशात 1 लाख 71 हजार लोकांना ती कार्डं मिळाली. तुमच्या घराचं कार्ड झालं असेल, तर ते जपून ठेवा. कर्जाला ते दाखवता येतं.

बँक किती देते?
30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के. उरलेली रक्कम आपली, आणि शिवाय रजिस्ट्रीचा खर्च हाताशी हवा. घर 18 लाखांचं आणि रजिस्ट्री 12 लाखांची दाखवू, बाकी रोख द्या, असं कोणी म्हटलं तर थांबा. बँक कागदावरची किंमत बघते. वरचे 6 लाख तुम्हालाच उभे करावे लागतील, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर त्या रोख पैशांचा पुरावा नसेल.

आपल्याला पगाराची स्लिप नसते. म्हणून मासे विक्रीचे पैसे शक्य तितके खात्यात घ्या आणि सोसायटीच्या पावत्या सांभाळा. पासबुकात दिसेल तीच आपली कमाई, असं बँक धरते. होडीचा किंवा गाडीचा हप्ता चालू असेल, तर तोही त्यातून वजा होतो.

हप्त्याचं गणित
समजा 15 लाख कर्ज, व्याज 9 टक्के. 20 वर्षांसाठी हप्ता सुमारे 13,500 रुपये. पहिल्या हप्त्यातले 11,250 रुपये नुसतं व्याज, मुद्दल फिटतं जेमतेम 2,250. वीस वर्षांत एकूण व्याज 17 लाख 39 हजारांच्या आसपास जातं. तेच कर्ज 15 वर्षांत फेडलं, तर हप्ता सुमारे 15,200 आणि एकूण व्याज 12 लाख 39 हजार. म्हणजे महिन्याला 1,700 जास्त भरून 5 लाख वाचतात.

बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर, घर स्वतःच्या वैयक्तिक नावाने घेतलं असेल तर, आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. चांगल्या हंगामात हातात पैसा आला, तर थोडं मुद्दल भरून टाका. व्याजदर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्कही तुम्हाला आहे. बँकेला तसं लेखी कळवा.

बंदीचे दोन महिने
आपल्याकडे नद्या-जलाशयांत 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. बँकेचा हप्ता मात्र बंद नसतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन हप्ते राहिले, की 90 दिवस होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला खातं बुडीत धरलं जातं. मग सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर घराचा ताबा आणि लिलाव. कोर्टात न जाताही बँकेला हे करता येतं.

उपाय साधा आहे. 13,500 चे दोन हप्ते म्हणजे 27,000. बाकीच्या दहा महिन्यांत दर महिन्याला 2,700 वेगळे आवर्ती ठेवीत टाका. हे 2,700 धरून जो हप्ता झेपेल, तेवढंच कर्ज घ्या. अडचण आलीच तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन बोला. नोटीस आली तर घाबरून ती घरात ठेवू नका. 60 दिवसांत लेखी उत्तर द्या.

सरकारी मदत
देपालपूर नगर परिषद आहे, म्हणून शहरी प्रधानमंत्री आवास योजना 2.0 इथे लागू होते. घरच्यांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल, वर्षाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत असेल, घर 35 लाखांपर्यंतचं आणि कर्ज 25 लाखांपर्यंतचं असेल, तर व्याजात एकूण 1 लाख 80 हजारांपर्यंत सवलत आहे. ती हप्त्याहप्त्याने मिळते, म्हणून बयाण्याच्या पैशात ती धरू नका.

कागद बघायला मदत हवी असेल, तर नकला घेऊन सोसायटीत या, आपण बसून बघू. फक्त बयाणा द्यायच्या आधी या.