व्यापम घोटाळा आणि इंदूर : एक मागोवा

मध्य प्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘व्यापम’, १९८२ साली वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाची दोन मंडळे एकत्र करून भोपाळमध्ये उभे राहिले. पुढे पोलीस शिपाई, वनरक्षक, संविदा (कंत्राटी) शिक्षक यांच्या भरती परीक्षाही त्याच्याकडे आल्या. घरात पैसा नाही, ओळखपाळख नाही, अशा मुलाला वर चढायला राज्यात ही एकच शिडी होती. तिच्या पायऱ्या विकायला निघाल्या, तेव्हा सगळ्यात आधी तोच खाली राहिला.

परीक्षेतले यश पैसे घेऊन विकण्याच्या या व्यवहारात इंदूरला महत्त्व आले ते शहराच्या घडणीमुळे. माळवा-निमाडातली मुले इथल्या भंवरकुआ भागात खोल्या घेऊन क्लास लावतात. एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयही याच शहरात. दलालाला गिऱ्हाईक आणि हुशार ‘स्कोअरर’ असे दोन्ही हाताशी मिळत. स्कोअरर कधी दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसे. लोक त्याला ‘मुन्नाभाई’ म्हणत. दुसरी रीत ‘इंजिन-बोगी’ची. बैठक क्रमांक असे लावून घ्यायचे, की स्कोअररच्या मागेपुढे पैसे भरलेले उमेदवार येतील. इंजिन सोडवत जाई, बोग्या उतरवून घेत. तिसरी रीत याहून निर्ढावलेली होती. उमेदवाराने उत्तरपत्रिकेतली वर्तुळे कोरी ठेवायची आणि ती नंतर मंडळातल्याच कुणी भरायची.

तक्रारी जुन्याच होत्या. इंदूरचे डॉ. आनंद राय २००९ साली उच्च न्यायालयात गेले; त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने चौकशी समिती नेमली. समिती बसली आणि परीक्षाही पूर्वीसारख्याच होत राहिल्या. जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेच्या (पीएमटी) तोंडावर इंदूर पोलिसांनी वीसेक तोतये पकडले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले. तिथून धागा थेट मंडळाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचला. ऑगस्टमध्ये तपास विशेष कृती दलाकडे गेला. प्रकरणाशी संबंधित आरोपी आणि साक्षीदारांच्या मृत्यूंवरून देशभर गदारोळ झाल्यावर ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला.

नुकसान नेमके किती, याचा पेच न्यायालयातच सगळ्यात स्पष्ट दिसला. २००८ ते २०१२ या काळातल्या ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द झाले होते. तोवर त्यांच्यातल्या अनेकांचे शिक्षण पूर्ण होत आले होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. चेलमेश्वर यांनी या मुलांकडून सैन्यदलांत पाच वर्षे पगाराविना, निव्वळ निर्वाह भत्त्यावर सेवा करून घ्यावी आणि मगच पदवी द्यावी असे सुचवले, कारण शिकवलेले फुकट घालवण्यात समाजाचाच तोटा. न्या. सप्रे यांना प्रवेश रद्दच हवे होते. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रवेश रद्द ठेवले. दोन्ही मतांत तथ्य होते, आणि तोटा दोन्हीकडे होताच. शासनाने शिक्षणावर केलेला खर्च बुडाला आणि डॉक्टरांची चणचण असलेल्या राज्याचे शेकडो डॉक्टर कमी झाले. ज्यांच्या हक्काच्या जागा गेल्या, त्यांना मात्र निकाल काहीच देऊ शकत नव्हता. एवढ्या वर्षांत कुणी बी.एस्सी. करून नोकरीला लागला असेल, कुणी बापाच्या दुकानात बसला असेल. आपण गुणांनी मागे पडलो नव्हतो, हे त्याला कळायलाही मार्ग नव्हता.

भरती परीक्षांतला तोटा आणखी लांब पल्ल्याचा. विकत घेतलेल्या जागेवरचा शिक्षक किंवा शिपाई निवृत्त होईपर्यंत जनतेच्या माथी बसतो. २०१३ च्या पोलीस शिपाई भरतीतल्या गैरप्रकारासाठी भोपाळच्या विशेष न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, तेव्हा नोव्हेंबर २०१९ उजाडला होता. आणि ही एकच परीक्षा नव्हती, खटले शेकड्यांनी होते.

वैद्यकीय प्रवेश आता ‘नीट’मधून होतात. मंडळाचे नाव २०२२ मध्ये बदलून कर्मचारी चयन मंडळ झाले. राज्यातल्या भरती परीक्षा आजही तेच घेते.