नांगराच्या राखणीला संगणक

नांगर टाकलेली नौका एका जागी स्थिर राहत नाही. वारा आणि पाण्याची ओढ बदलेल तशी ती खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी नांगराभोवती फिरते. हे फिरणे निर्धोक असते. तळात रुतलेला नांगर सुटला, की मात्र नौका त्याला फरफटत खडकाकडे किंवा शेजारच्या नौकेकडे सरकू लागते, आणि रात्री ते कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या जहाजांवर नांगरावर असतानाही पहारा बंधनकारक असतो. दोघातिघांच्या शिडाच्या नौकेवर रोज रात्रभर जागणे कुणालाच झेपत नाही. तिथे संगणकाचा खरा उपयोग होतो.

पूर्वी किनाऱ्यावरच्या दीपगृहाची किंवा टेकडीची दिशा होकायंत्राने टिपून ती पुन्हा पुन्हा ताडून पाहत. जीपीएस आल्यावरही लगेच सुटका झाली नाही. नागरी वापराच्या संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्ये ही चूक बंद झाली. आता उघड्या आकाशाखाली साधा जीपीएस रिसीव्हरही साधारण ५ मीटरपर्यंत अचूक स्थान सांगतो.

सामग्री थोडीच लागते: लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबीने जोडायचा रिसीव्हर आणि ओपनसीपीएनसारखा मोफत सागरी नकाशाचा प्रोग्राम. रिसीव्हर दर सेकंदाला स्थान कळवतो. नकाशावर नांगराची खूण करून त्रिज्या ठरवली, की नौका त्या वर्तुळाबाहेर जाताच गजर होतो.

सगळी मदार वर्तुळाच्या मध्यावर आहे. नांगर तळाला टेकतो त्याच क्षणी खूण करायला हवी. अनेक जण साखळी पूर्ण सोडून, नौका स्थिरावल्यावर गजर लावतात. तेव्हा नौका नांगरापासून साखळीभर दूर गेलेली असते. सहा तासांनी प्रवाह उलटला, की ती पलीकडच्या बाजूला जाते आणि गजर विनाकारण वाजतो. वैतागून त्रिज्या वाढवली, तर नांगर खरोखर सुटल्यावरही तो बराच वेळ गप्प राहतो. दुसरी चूक जास्त घातक.

त्रिज्येचे गणित भरतीच्या खोलीवर मांडावे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरहून अधिक असतो. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल आणि नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर २५ मीटर साखळी तळापासून नाळेपर्यंतच्या उंचीच्या पाचपट भरते. भरतीला हीच उंची ९ मीटर होते आणि साखळी तिपटीलाही पुरत नाही. ओढ वरच्या दिशेने लागून नांगर उखडू शकतो. म्हणून ४५ मीटर साखळी सोडावी. ती ताणली, तरी आडवे अंतर सुमारे ४४ मीटर होते. रिसीव्हर मागच्या टोकाला असेल तर नौकेच्या लांबीचे ११ मीटर आणि जीपीएसच्या चुकीचे ५ मीटर मिळवून त्रिज्या ६० मीटर येते. खूण करतानाही हे ११ मीटर नाळेच्या दिशेने पुढे धरावे लागतात. जागा अरुंद असेल आणि या वर्तुळात खडक येत असेल, तर गजरावर विसंबू नये. नांगर दुसरीकडे टाकावा.

विजेचा हिशेबही चुकवून चालत नाही. ३० वॅटचा लॅपटॉप दहा तासांत १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे २५ अँपिअर-तास खातो. ५ वॅटच्या रास्पबेरी पायला त्याचा सहावा हिस्सा पुरतो. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करावा, नाहीतर मालकाबरोबर संगणकही झोपतो. रिसीव्हरची माहिती थांबली तरी गजर व्हायला हवा. झोपण्यापूर्वी रिसीव्हर काढून ते एकदा तपासून घ्यावे. आवाज बिछान्यापर्यंत पोहोचतो का, तेही पाहावे.

गजर फक्त जागे करतो. इंजिनाची किल्ली आणि विजेरी हाताशी ठेवावी आणि अंधारात बाहेर पडण्याची दिशा संध्याकाळीच ठरवून ठेवावी.