संहिता अडखळत वाचणारा फॉन्झी

‘हॅपी डेज’ (१९७४ ते ८४) या अमेरिकी मालिकेतला चामडी जाकीटवाला फॉन्झी म्हणजे हेन्री विंकलर. पडद्यावर एका बुक्कीत ज्यूकबॉक्स सुरू करणारा हा गडी संहितेच्या सामूहिक वाचनात मात्र ओळीओळीला अडखळे. ऑडिशनची त्याची युक्ती ठरलेली: जमेल तेवढं पाठ करायचं, उरलेलं जागच्या जागी रचायचं. येलच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळवतानाही त्याने शेक्सपिअरचं स्वगत असंच ऐन वेळी रचून ठोकून दिलं होतं. धाडसच म्हणायचं!

बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेले त्याचे आईवडील त्याला जर्मनमध्ये ‘मठ्ठ कुत्रा’ म्हणत. वाचनात अडथळा आणणाऱ्या डिस्लेक्सियाचं निदान झालं ३१ व्या वर्षी, तेही सावत्र मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने. त्याला आधी आला तो राग, आणि तो रास्तच होता. इतकी बोलणी, इतक्या शिक्षा, सगळं विनाकारण!

२००३ पासून लिन ऑलिव्हर यांच्या जोडीने त्याने हँक झिप्झर या डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या. हँकच्या धाकट्या वयाच्या गोष्टी तर अशा वाचकांसाठी घडवलेल्या खास टंकात छापल्या गेल्या. ‘बॅरी’ या मालिकेतल्या अभिनयशिक्षकाच्या भूमिकेसाठी विंकलरला पहिलं प्राइमटाइम एमी मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी.