मांडवीच्या नकाशावरील 14 एप्रिल 1944

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवलीहून रोज मस्जिद स्थानकावर उतरून दाणाबंदर, चिंचबंदर अथवा मांडवीतील पेढ्या गाठणारे हजारो उपनगरवासी ज्या गल्ल्यांमधून चालतात, त्यांच्या पूर्वेकडील पट्ट्याचे जुने रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अवघ्या तीन दिवसांत पुसले गेले. आज पी. डि'मेलो मार्ग या नावाने ओळखला जाणारा रस्ता तेव्हा फ्रियर रोड होता. त्याच्या एका अंगाला प्रिन्सेस (1880) आणि व्हिक्टोरिया (1888) या दोन गोद्या होत्या, तर दुसऱ्या अंगाला खाली वखार व वर बिऱ्हाडे अशा दाटीवाटीच्या इमारती. कापूस, धान्य, तेल आणि लाकूड यांवर जगणारी ही वस्ती कच्छी, गुजराती, कोकणी आणि घाटावरच्या माणसांनी भरलेली होती, आणि बंदरातील कोणत्याही ठिणगीला पुरेल इतके जळण तिच्या पोटात बारमाही साठलेले असे.

या गोद्या बंद स्वरूपाच्या होत्या, म्हणजे भरती-ओहोटीने पाण्याची पातळी खालीवर होऊ नये म्हणून त्यांना दारे असत आणि जहाज आत घेण्यासाठी वा बाहेर काढण्यासाठी भरतीची वेळ साधावी लागे. धोक्याच्या प्रसंगी जहाज झटकन समुद्रात ढकलून देणे म्हणूनच सोपे नव्हते. शांततेच्या काळी स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावे आणि धक्क्याला न लागता बंदरात दूर उभे राहून पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, माल उतरवावा अशी रीत होती. युद्धाच्या घाईत ती मोडली गेली. 1942 साली कॅनडात बांधलेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे सुमारे सात हजार टनांचे जहाज 24 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले, कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत पोहोचले आणि कोणतेही निशाण न लावता व्हिक्टोरिया गोदीत वस्तीला लागून उभे राहिले. त्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे धरून सुमारे 1,400 टन स्फोटके होती. शिवाय सोन्याच्या 124 विटा 31 पेट्यांत भरलेल्या होत्या. कराचीला रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणाचे तेल आणि इतर माल चढवण्यात आला. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवणे किती घातक आहे याची जाण कप्तानाला नव्हती असे नाही, परंतु जहाजांचा तुटवडा इतका होता की रिकामी जागा सोडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

14 एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या मालकोठ्यातून, म्हणजे जहाजाच्या पोटातील माल साठवण्याच्या खणातून, धूर येताना दिसला. पुढच्या दोन तासांचा इतिहास हा आगीपेक्षा अनिर्णयाचा अधिक आहे. बंबांनी 900 टनांहून अधिक पाणी ओतले, तरी आगीचे मूळ धुरामुळे सापडेना आणि आतले पाणी उकळू लागले. जहाज जागीच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाकडे नव्हता; कप्तान, गोदीचे व्यवस्थापन, अग्निशमन दल आणि लष्कराचे दारूगोळा अधिकारी आपापल्या मर्यादेत बोलत राहिले, आणि आत नेमके काय आहे हे धक्क्यावरच्या मजुरांपर्यंत पोहोचलेच नाही. शेवटी 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने त्याहून प्रचंड असा दुसरा स्फोट झाला. जवळच उभ्या असलेल्या ‘जलापद्म’ या सुमारे चार हजार टनांच्या जहाजाला पाण्याने उचलून धक्क्यावर आपटले. सुमारे 12 किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. हे अंतर तेव्हाची शहराची हद्द ओलांडून थेट उपनगर जिल्ह्यातील कुर्ल्या-वांद्र्याच्या आसपास जाते. सुमारे 1,700 किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापकावरही हादऱ्याची नोंद झाली.

वस्तीचा घात मात्र हादऱ्याने जितका झाला तितकाच पेटत्या कापसाने झाला. जळत्या गाठी आणि तापलेले लोखंडाचे तुकडे छपरांवर पडले, लाकडी माड्यांनी पेट घेतला, आणि जहाजाभोवतीच्या सुमारे 800 मीटरच्या टापूत आग पसरली. याच वर्षावात 28 पौंडांची एक सोन्याची वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून आली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे 55,000 टन धान्य जळाले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले होते आणि बंगालमध्ये माणसे भुकेने मेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. सुमारे 80,000 लोक बेघर आणि 50,000 बेरोजगार झाले. पाच लाख टन राडारोडा उपसण्यासाठी सुमारे 8,000 माणसे सात महिने राबली.

या घटनेची बातमी युद्धकाळातील प्रसिद्धीबंदीमुळे आठवडे दाबून ठेवण्यात आली. जपान्यांच्या ताब्यातील सैगॉन रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली. ज्या गुप्ततेपायी धक्क्यावरच्या हमालाला धोका कळला नाही, तीच पुढे त्याच्या मरणावरही पांघरूण म्हणून आली, असे म्हणणे वावगे ठरू नये. सरकारने उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. घातपाताचा संशय टिकला नाही, आणि कापसाला विडी-सिगारेटसारख्या किरकोळ कारणाने आग लागली असावी हे मत पुढे रूढ झाले. वस्तुतः ठिणगीचा शोध दुय्यम आहे. तो माल एकाच पोटात भरून भरवस्तीशेजारी आणण्याचा निर्णयच स्फोटाचे खरे कारण होता.

गोदी पुन्हा बांधली गेली, बाजार पुन्हा भरला, आणि गाळ काढताना सोन्याच्या विटा अधूनमधून सापडत राहिल्या. 2011 सालीही पाण्यातून जिवंत तोफगोळा निघाला. पुढे मालवाहतूक मोठ्या पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, होऊ लागली तेव्हा प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकण्यात आल्या, त्यामुळे स्फोटाची मूळ जागाच आता जमिनीखाली आहे. स्फोटात कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या मुंबई अग्निशमन दलाच्या 66 जवानांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. वस्तीतल्या आणि धक्क्यावरच्या मृतांची मोजदाद मात्र कधीच पक्की झाली नाही. एकूण मृतांचा आकडा आजही 800 ते 1,300 असा सैलच सांगितला जातो.