विलायती कंपनी, डोंगरीचं मँगनीज

नाकाडोंगरीचा परिसर मँगनीजचा. जवळच्या डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतलं काळं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी वापरलं जातं.

मध्य प्रांतातल्या मँगनीज खाणींवर 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उतरली. पुढे तीच ब्रिटनमध्ये नोंदलेली ‘सीपीएमओ’ कंपनी झाली. म्हणजे राबणारे हात इथले आणि मालक साता समुद्रापार. 1962 साली सरकारी भागीदारीची ‘मॉइल’ कंपनी स्थापन झाली, तरी तिचा 49 टक्के भाग याच परदेशी कंपनीकडे होता. तो 1977 साली सरकारने घेतला.

मालक बदलला म्हणून धूळ काही बदलत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासावाटे गेली तर मेंदूवर परिणाम होतो. हात थरथरतात, चाल बिघडते. मँगनीजची विषबाधा हा कायद्याने अधिसूचित आजार आहे. तो आढळला की सरकारला कळवावंच लागतं.

खाणबाधित गावांसाठी 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावी लागते. पैसा पाणी-आरोग्यावर आधी खर्चावा, असा दंडक आहे. गावकऱ्यांनी हिशेब मागायची खरी जागा हीच.

कंपन्यांच्या जबाबदारीबाबत जागतिक पातळीवर मात्र सगळं अजून मोघमच. संयुक्त राष्ट्रांची 2011 ची व्यवसाय व मानवाधिकारविषयक तत्त्वं कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक नाहीत. बंधनकारक करार व्हावा म्हणून जून 2014 मध्ये जिनिव्हात ठराव झाला. भारताने बाजूने मत दिलं. अमेरिका आणि ब्रिटनने विरोधात.