काळ्या पाषाणातील रंगीत जॅस्पर

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा पाषाण तयार झाला. लाव्हा थिजताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या, भेगा पडल्या. पुढे त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि अकीक, गारगोटी, जॅस्पर असे दगड निर्माण झाले. काळा पाषाण कालांतराने कुजून त्याची माती होते; सिलिका मात्र सहसा कुजत नाही. म्हणूनच नांगरटीनंतर एक-दोन पाऊस पडले की तांबडे, पिवळे, हिरवट खडे धुऊन वर आलेले दिसतात. गोदावरी व प्रवरा यांच्या गोट्यांतही ते आढळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बांधावर टाकण्याचा कचरा. पण शाळेला यापेक्षा स्वस्त भूशास्त्राची प्रयोगशाळा मिळणे कठीण.

जॅस्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, अपारदर्शक अशी गारच होय. तिच्यात मिसळलेल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे तिला तांबडा, पिवळा वा तपकिरी रंग येतो. मात्र केवळ रंगावरून जॅस्पर ओळखू गेल्यास हमखास फसगत होते. नदीत घासून गुळगुळीत झालेला विटेचा किंवा खापराचा तुकडा कोरडा असताना हुबेहूब तसाच दिसतो. अशा वेळी कठीणपणाची कसोटी उपयोगी पडते. जॅस्परचा कठीणपणा मोहस् मापनक्रमात ६.५ ते ७ असतो. त्याच्या कोपऱ्याने काचेवर ओरखडा उठतो, चाकूने मात्र त्याच्यावर ओरखडा पडत नाही. चाकू ओढल्यावर दगडावर करडी रेघ दिसते, ती पुष्कळदा चाकूच्या पोलादाची असते; ओल्या बोटाने पुसून ती निघून गेली तर दगड चाकूपेक्षा कठीण आहे, असे समजावे. चिनी मातीच्या फरशीच्या मागील खरबरीत बाजूवर वीट घासली तर तांबडी रेघ उमटते. जॅस्परची तशी रेघ उमटत नाही. फुटलेल्या जागी शिंपल्यासारखी वळणदार पृष्ठे व धारदार कडा दिसल्या की संशयाला फारशी जागा उरत नाही. दगडाची पातळ कड सूर्याकडे धरावी. प्रकाश आरपार झिरपला तर तो अकीक किंवा त्याच्या जातीचा दगड. चर्ट व जॅस्पर यांच्यातील सीमारेषा मात्र तज्ज्ञांनाही नेहमीच नेमकी आखता येत नाही, तेव्हा विद्यार्थ्याने त्यावरून वाद घालीत बसू नये.

संग्रहाचे खरे मोल त्यासोबतच्या नोंदीत असते. गाव, शिवार, ओढ्याचे नाव, दिनांक आणि दगड खडकात रुतलेला होता की सुटा मिळाला, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नोंद नसलेला दगड शोभेचा खडा होय, नमुना नव्हे.

येथेच एक जबाबदारीची बाब येते. जॅस्परची धार आदिमानवाच्याही लक्षात आली होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. प्रवरेच्या तेथील गाळथरांत मध्य पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली, ती चर्ट, अकीक व जॅस्पर अशा दगडांच्या छिलक्यांची आहेत. त्याहून पुष्कळ नंतरची सूक्ष्मास्त्रे तर नखाएवढीही असतात. नदीच्या धक्क्यानेही दगडाचे टवके उडतात. तेव्हा एखाद्या तुटक्या खड्यावरून निष्कर्ष काढू नये. परंतु एकाच जागी पुष्कळ छिलके, त्यांच्या कडेवर ओळीने काढलेले बारीक टवके असे दिसले तर हात आवरावा. अशी हत्यारे उचलून डब्यात भरली की ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. जागेचे छायाचित्र घेऊन ग्रामपंचायतीमार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळविणे हे अधिक मोलाचे काम आहे.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ३१ खनिजे गौण खनिजे म्हणून घोषित केली, त्यांत जॅस्पर व अकीक यांचा समावेश आहे. विद्यार्थ्याने चार खडे वेचणे वेगळे आणि छंदाच्या नावाखाली ट्रॉली भरून विक्रीला नेणे वेगळे. असे उत्खनन परवानगीवाचून करता येत नाही. खाजगी शेतात शिरण्यापूर्वी मालकास विचारावे, हे तर उघडच आहे.

दगड कापून घासण्याचा मोह मात्र शाळांनी टाळावा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. गुजरातेतील खंभातच्या अकीक कारागिरांना त्याची झळ मोठ्या प्रमाणावर बसलेली आहे. हातोडीने दगड फोडतानाही डोळ्यांवर चष्मा हवा. जॅस्परचा रंग पाहण्यासाठी तो पाण्यात बुडविला तरी पुरते.