घरांत दुसरें मांजर आणतांना

शेतकऱ्याच्या घरीं बैल, गाय, शेळी ह्यांच्या मोलाची चर्चा नेहमीं होते; परंतु कणगीच्या बुडाशीं रात्रभर जागणाऱ्या मांजराची गणती कोणी पशुधनांत करीत नाहीं. धान्याचा सांठा आणि मांजर ह्यांची सोबत मात्र फार जुनी आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर सांपडल्याचें संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें, असा हा सरळ हिशेब आहे.

सुगीनंतर घरांत माल भरला, कीं एका मांजरानें भागत नाहीं असें पुष्कळांस वाटतें. मग कोठून तरी दुसरें पिलूं किंवा भाटी आणितात, पोत्याचें तोंड सोडून तिला माजघरांत मोकळी करितात, आणि जुनें मांजर फिस्कारून अंगावर धांवलें, म्हणजे "होईल दोन दिवसांनीं संवय" असें म्हणून सर्वजण आपापल्या कामास लागतात. परिणाम पुष्कळदां उलटा होतो. थोड्याच दिवसांत दोहोंपैकीं एक घर सोडून जातें. आणि कधीं कधीं जाणारें मांजर तेंच असतें, ज्यास घरांतील प्रत्येक बीळ ठाऊक होतें. दोन करावयास गेलों आणि होतें तेंहि गमावलें, अशी स्थिति होते.

हें भांडण दुष्टपणाचें नसून ताब्याचें आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. कुत्र्याचे पूर्वज टोळीनें शिकार करणारे, तर मांजराचे पूर्वज एकट्यानें शिकार करणारे. एकट्यानें पोट भरणाऱ्यास आपली हद्द राखावीच लागते. मांजर दाराच्या चौकटीस, कणगीस व आपल्या पायांस गाल घांसतें, तें केवळ लाडानें नव्हे. त्याच्या गालांत व हनुवटीखालीं ग्रंथि असून त्यांचा वास तें त्या त्या जागीं लावून ठेवितें. आपण शेताच्या कोंपऱ्यावर हद्दीचे दगड रोवितों, तसेच हे वासाचे दगड होत. परक्या वासाचें जनावर एकदम त्या हद्दींत उतरणें म्हणजे रातोरात कोणी आपल्या शेतांत नांगर घालण्यासारखेंच आहे. महसुली दप्तरांत फेरफाराची नोंद करितांना हितसंबंधी लोकांस नोटीस देऊन हरकतीसाठीं पंधरा दिवसांची मुदत ठेवितात. मांजरांसहि हाच न्याय लावावा. आधीं नोटीस, मग ताबा. आणि ही नोटीस वासानें द्यावयाची असते.

नवें मांजर आणल्याबरोबर त्यास एका निराळ्या खोलींत ठेवावें. ज्या खोलींत फवारणीचीं औषधें किंवा उंदरांचें विष ठेविलें असेल ती खोली ह्या कामीं वर्ज्य समजावी. खोलींत पाणी, अन्नाचें परळ, निजावयास गोणपाट, लपावयास एक उपडी पाटी आणि मलमूत्रासाठीं जुन्या घमेल्यांत कोरडी माती किंवा वाळू एवढें पुरे होतें. तेथें त्यास निदान आठ-पंधरा दिवस राहूं द्यावें. ह्या मुदतीचा दुसराहि लाभ आहे. पॅनल्यूकोपेनिया नांवाचा ओकारी व हगवणीचा सांसर्गिक रोग मांजरांत होतो आणि पिलें त्यानें पटापट दगावतात. नवें मांजर आजारी असल्यास तें वेगळें असतांनाच कळून येतें. त्याच वेळीं पशुवैद्याकडून ह्या रोगाची व पिसाळीची लस दोन्ही मांजरांस टोंचवून घ्यावी. पिलूं आणावयाचें झाल्यास तें आठ आठवड्यांहून लहान नसावें.

दुसरी पायरी वासाच्या देवघेवीची. एक मऊ फडकें नव्या मांजराच्या गालांवरून हलकेंच फिरवावें आणि जुनें जेथें जेवतें तेथून थोड्या अंतरावर टाकावें. जुन्याच्या वासाचें फडकें नव्याच्या खोलींत ठेवावें. जुन्यानें फडकें हुंगून वाट धरली तर काम ठीक चाललें आहे. तें फिस्कारलें तर फडकें आणखी दूर न्यावें. रागें भरूं नये. पुढें दिवसांतून घटकाभर जागांची अदलाबदल करावी, म्हणजे एकमेकांस न पाहतांच दोघांस एकमेकांची ओळख पटते.

तिसरी पायरी जेवणाची. बंद दाराच्या दोन्ही बाजूंस चार-पांच हात अंतरावर दोघांची परळें ठेवावीं आणि रोज थोडथोडीं दाराजवळ सरकवावीं. परक्याचा वास आला म्हणजे मासळीचा तुकडा किंवा उकडलेलें अंडें मिळतें, हा हिशेब मांजर लवकर शिकतें. दोन्ही दाराशीं निवांत जेवूं लागलीं, म्हणजे दाराऐवजीं जाळी लावून त्यांस एकमेकांकडे पाहूं द्यावें.

ह्यानंतरच प्रत्यक्ष भेट. ती दहा-पंधरा मिनिटांचीच असावी, दोघांचीं पोटें भरल्यावर असावी, आणि दोघांस पळावयास वाट व चढावयास माळा किंवा फळी असावी. मांजर हातांत धरून दुसऱ्यासमोर नेऊं नये. शेंपूट ताठ वर, डोळ्यांची संथ उघडझांप, हीं सलोख्याचीं चिन्हें. कान मागें पाडणें, शेंपूट फुलविणें, बुबुळें मोठीं करून एकटक पाहणें, हीं भांडणाचीं. अशा वेळीं दोहोंच्या मध्यें सूप किंवा फळी धरून त्यांस वेगळें करावें आणि एक पायरी मागें यावें. झुंज लागलीच तर ताट वाजवावें, हात घालूं नये. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन ताबडतोब दवाखाना गांठावा. पिसाळीचा रोग मांजराच्या चाव्यानेंहि होतो.

आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें आणलेली भाटी पहिल्याच दिवशीं जुन्या बोक्यासमोर सोडली होती. बोका गवताच्या गंजीवर जाऊन बसला तो घरांत येईना. पुढें भाटीस पडवीच्या खोलींत ठेवून वरील क्रम पहिल्यापासून चालविला, तेव्हां महिन्याच्या सुमारास दोघांचें जमलें. पहिल्या दिवसाच्या घाईची भरपाई करण्यास एवढा काळ लागला.

दोघांचें जमल्यावरहि परळें एकमेकांच्या दृष्टीआड ठेवावीं, मातीचीं घमेलीं मांजरांच्या संख्येहून एक अधिक असावीं, आणि जुन्याची निजावयाची जागा नव्यास देऊं नये. दोन्ही मांजरांची वंध्यत्वाची शस्त्रक्रिया पशुवैद्याकडून करवावी. बोक्यांच्या झुंजी त्यामुळें पुष्कळ कमी होतात, आणि नऊ आठवड्यांत पिलें देणाऱ्या भाटीमुळें घर मांजरांनीं भरत नाहीं. शस्त्रक्रियेनें शिकारीची संवय जाते ही समजूत खरी नव्हे.

मांजर उपाशी ठेविलें म्हणजे उंदीर अधिक मारितें, ही समजूतहि सोडावी. इंग्लंडांत चार्ल्स एल्टन ह्या प्राणिशास्त्रज्ञानें शेतवाड्यांवरील मांजरांचीं निरीक्षणें १९५३ सालीं प्रसिद्ध केलीं. आधीं उंदीर साफ केलेल्या वाड्यांत पोसलेलीं मांजरें नवे उंदीर सहसा शिरूं देत नाहींत, असें त्यांत दिसून आलें. भुकेलेलें मांजर अन्नासाठीं दूर भटकतें आणि कणगी उघडी पडते. मात्र मांजरें असलेल्या घरीं विषाचा उपयोग शक्यतों टाळावा. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटांत गेला, म्हणजे आपला रखवालदार आपल्याच हातून मरतो.

इतकें करूनहि कांहीं मांजरें एकमेकांचीं मित्र होत नाहींत. त्यांतील एकास पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडण्याची चाल कोठें कोठें आहे. ती क्रूरपणाची आहे. उपासमार होईल अशा रीतीनें जनावर वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाहि आहे. त्यापेक्षां भावाभावांत करितात तशी वांटणी करावी. एकास घर द्यावें, दुसऱ्यास गोठा व वैरणीची खोली. दोन्हीकडे उंदीर असतातच. आणि नवें मांजर आणावयाचें तें मळणीच्या धांदलींत न आणतां तिच्या आधीं महिना-दीड महिना आणावें, म्हणजे धान्य घरांत येईल तेव्हां दोघांच्या हद्दी ठरलेल्या असतील.